फिरत्या अवकाशस्थानकातलं कृत्रिम गुरुत्वाकर्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून ते कृत्रिम तयार करायचं, असंच ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किमी उंचीवरून फिरतं. तिथे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. तरीही आतली माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि माणसं दोन्ही एकत्र पडत असतात. सेकंदाला सुमारे ७.७ किमी या आडव्या वेगामुळे ती जेवढी खाली पडतात तेवढीच खालची पृथ्वीही वळून दूर जाते, म्हणून पडणं संपतच नाही.

आपल्याला जे 'वजन' जाणवतं ते मुळात गुरुत्वाकर्षण नसून जमिनीने तळपायांना वर दिलेला रेटा असतो. जमीनच आपल्यासोबत पडत असेल तर रेटा नाही आणि वजनही नाही. म्हणजे स्थानकात हरवतो तो हा रेटा, आणि कृत्रिम गुरुत्वाकर्षण म्हणजे तो परत मिळवणं. हे एकदा मनात बसलं की पुढची सगळी उत्तरं सोपी होतात.

नुसतं गरगर फिरवून रेटा कसा मिळतो?

कपडे वाळवणाऱ्या यंत्राचा ड्रम आठवा. तो वेगाने फिरतो तेव्हा कपडे भिंतीला चिकटून बसतात. कपड्यांना खरं तर सरळ रेषेत जायचं असतं, कारण गतीत असलेली कोणतीही वस्तू तेच करते. पण समोर ड्रमची वळणारी भिंत येते आणि त्यांना सतत आतल्या बाजूला ढकलत राहते. पाण्याला असं ढकलायला भोकांपाशी भिंतच नसते, म्हणून ते सरळ बाहेर जातं.

आता ड्रमच्या जागी मोठं चाक घ्या आणि कपड्यांच्या जागी माणूस. चाकाची बाहेरची कड ही त्याची जमीन. ती त्याला क्षणोक्षणी केंद्राकडे ढकलते, म्हणजे तळपायांना रेटा मिळतो. 'खाली' म्हणजे केंद्रापासून बाहेर, 'वर' म्हणजे केंद्राकडे. चाकाच्या पलीकडच्या बाजूला उभी असलेली माणसं त्याच्या डोक्यावर उलटी दिसतील, आणि त्यांना तो तसाच उलटा दिसेल.

अपकेंद्री बल 'खोटं' असतं असं शाळेत शिकवलं होतं. मग खोट्या बलावर घर कसं बांधायचं?

बाहेरून, न फिरता पाहणाऱ्याला अपकेंद्री बल कुठेच दिसत नाही. त्याला दिसतं ते जमिनीने आत ढकलणारं अभिकेंद्री बल. फिरणाऱ्या माणसाने मात्र स्वतःला स्थिर मानलं, तर बाहेर ओढणारं काहीतरी हिशेबात धरल्याशिवाय त्याचं गणित जुळत नाही. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त एकमेकांत मिसळायचे नाहीत. हाडांना आणि स्नायूंना या नावांशी देणंघेणं नसतं. त्यांना कळतो तो दाब, आणि दाब खराच असतो.

१९०७ साली आइन्स्टाइनला सुचलेली समतुल्यतेची कल्पना याच्या जवळची आहे: बंद खोलीत उभ्या माणसाला आपण ग्रहावर आहोत की त्वरणाने ढकलले जातोय हे सांगता येत नाही. पण फिरत्या स्थानकात एक पळवाट आहे. पायांना फरक कळला नाही तरी हातातून सुटलेल्या चेंडूला तो कळतो. त्याबद्दल पुढे.

१ जी, म्हणजे पृथ्वीवर जाणवतं तेवढं वजन, मिळवायला स्थानक किती मोठं हवं?

त्वरण म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. हिशेब करताना मी एकच आकडा लक्षात ठेवतो: ८९५. मिनिटाला किती फेऱ्या ते ठरवा, त्या संख्येचा वर्ग करा आणि त्याने ८९५ ला भागा. पृथ्वीइतक्या वजनासाठी लागणारी त्रिज्या मीटरमध्ये मिळते.

मिनिटाला १ फेरी असेल तर ८९५ मीटर, २ फेऱ्यांना २२४, ४ ला ५६, ६ ला जेमतेम २५ आणि १० ला ९ मीटर. वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपटीने उतरते. पृथ्वीइतकं वजन नको, मंगळाइतकं म्हणजे ०.३८ जी पुरे असेल, तर उत्तराला ०.३८ ने गुणा.

मग लहानसं बांधून जोरात फिरवलं तर काय बिघडतं?

डोकं फिरतं, अगदी शब्दशः. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोकं कोणत्या दिशेला वळतंय हे त्यांतला द्रव सांगतो. तुम्ही आधीच फिरत आहात आणि त्यात दुसऱ्याच अक्षाभोवती मान वळवलीत, की दोन फिरण्यांचा मेळ कानाला लागत नाही. खोली कलंडतेय असं वाटतं, डोळे सांगतात की काहीच हललेलं नाही, आणि पोटात ढवळायला लागतं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे नौदलाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात फिरत्या खोलीत माणसांना दिवसचे दिवस ठेवून हे तपासलं. अॅश्टन ग्रेबील हे त्यातलं मुख्य नाव. मिनिटाला २-३ फेऱ्यांशी बहुतेकजण लवकर जुळवून घेत. १० फेऱ्यांना मात्र बहुतेकांचे हाल होत. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की वेग थोडा थोडा वाढवत नेला तर सहनशक्ती चांगलीच वाढते. म्हणून '२ च्या वर जायचंच नाही' हा नियम आता तितका पक्का राहिलेला नाही. माझ्या मते ४ फेऱ्या धरून आराखडा करणं रास्त आहे.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. चाकाच्या लांबट, वर चढत जाणाऱ्या बोळात फिरण्याच्या दिशेला तोंड करून बसा. आता होकारार्थी मान हलवा. काही होत नाही, कारण मान ज्या अक्षाभोवती हलली तो स्थानकाच्या अक्षाला समांतर आहे. नकारार्थी मान हलवली की गरगरणं सुरू! कामाचं टेबल कोणत्या दिशेला ठेवायचं, पडदा कुठे लावायचा, वारंवार लागणारी बटणं डाव्या-उजव्या बाजूला लांब ठेवायची की नाहीत, हे सगळं यावरून ठरतं. सजावटकाराने आधी भौतिकशास्त्र शिकावं अशी ही जागा आहे.

लहान त्रिज्येची दुसरी अडचण म्हणजे डोक्याला आणि पायांना वेगवेगळं वजन. २५ मीटर त्रिज्येत पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्याशी गुरुत्व पायांपेक्षा ७ टक्के कमी भरतं, तर ९ मीटर त्रिज्येत जवळपास १९ टक्के. २२४ मीटरला हा फरक एका टक्क्याच्याही आत येतो.

हातातून चेंडू सोडला तर तो पायाशी पडेल का?

पडणार नाही, जरा मागे पडेल. 'मागे' म्हणजे फिरण्याच्या उलट दिशेला. हात सुटताच चेंडूवर कोणतंच बल उरत नाही (हवेचा थोडा परिणाम सोडला तर) आणि तो सरळ रेषेत जातो. पण तुमचा हात जमिनीपेक्षा केंद्राच्या जवळ होता, म्हणजे त्याचा वेग जमिनीपेक्षा थोडा कमी होता. चेंडू कडेला पोहोचेपर्यंत तुमचे पाय पुढे निघून गेलेले असतात.

दीड मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू २५ मीटर त्रिज्येच्या स्थानकात सुमारे ३७ सेंटिमीटर मागे पडतो, २२४ मीटरच्या स्थानकात साडेअकरा आणि ८९५ मीटरच्या स्थानकात जेमतेम ६ सेंटिमीटर.

गंमत अशी की या आकड्यांत फिरण्याचा वेग येतच नाही. स्थानक जोरात फिरवा किंवा हळू, चेंडू त्याच जागी पडतो, फक्त लवकर किंवा उशिरा. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला खरं वाटेना आणि मी तीनदा आकडेमोड केली. कारण साधं आहे: चेंडूचा मार्ग ही वर्तुळातली एक सरळ रेषा आहे आणि वेग वाढला की चेंडू आणि जमीन दोघांचाही वाढतो. म्हणून चेंडू पाहून स्थानक किती मोठं आहे ते सांगता येतं, किती वेगाने फिरतंय ते नाही. त्यासाठी घड्याळ लागेल.

आत बसून हा मार्ग वाकडा दिसतो, त्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. पृथ्वीवर चक्रीवादळांना वळण देणारा परिणाम तोच. पण पृथ्वी दिवसाला एकदा फिरते आणि स्थानक मिनिटाला अनेकदा, म्हणून वादळाला जे होतं ते इथे पाण्याच्या पेल्याला होतं.

चालताना आणि धावताना काय जाणवेल?

फिरण्याच्या दिशेने धावलात तर तुमचा वेग कडेच्या वेगात मिळतो आणि तुम्ही जड होता. उलट दिशेने धावलात तर हलके. २५ मीटर त्रिज्येच्या, १ जीच्या स्थानकात कडेचा वेग सेकंदाला १५.७ मीटर असतो. सेकंदाला ३ मीटर या आरामशीर धावण्याने एकीकडे १.४३ जी आणि दुसरीकडे ०.६६ जी मिळतं. एकाच बोळात जाताना घामाघूम आणि परत येताना पिसासारखं. २२४ मीटरच्या चाकात हेच आकडे १.१३ आणि ०.८८ होतात. कडेच्या वेगाइतक्याच वेगाने उलटं धावता आलं, तर वजन शून्य होऊन तुम्ही तरंगायलाच लागाल.

याची दुसरी बाजू प्रत्यक्षात घडलेली आहे. १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी स्थानकातले अंतराळवीर गोलाकार भिंतीवरच्या कपाटांच्या रांगेवरून गोल गोल धावले. स्थानक फिरत नव्हतं, फिरत होते ते स्वतः, आणि तेवढ्या वेळापुरतं त्यांनी आपलं वजन आपणच तयार केलं होतं.

शिडीने केंद्राकडे चढता येईल?

येईल, आणि प्रत्येक पायरीला हलकं होत जाता येईल. अर्ध्या वाटेवर वजन बरोबर निम्मं, केंद्रात शून्य. मात्र चढताना कोणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटेल: वर जाताना फिरण्याच्या दिशेने, उतरताना उलट. मिनिटाला ६ फेऱ्या असतील आणि तुम्ही सेकंदाला १ मीटर चढत असाल, तर हा ढकला तुमच्या पूर्ण वजनाच्या सुमारे १३ टक्के भरतो. शिडी अशी लावावी की हा ढकला तुम्हाला तिच्यावर दाबेल, तिच्यापासून सोडवणार नाही. चढायला आणि उतरायला शिडीच्या दोन वेगळ्या बाजू वापरणं सोयीचं.

अगदी मधोमध तरंगत राहिलो तर 'खाली' पडेन का?

कशालाही हात न लावता, न फिरता केंद्रात राहिलात तर काहीही खाली ओढणार नाही, भोवती स्थानक फिरताना दिसेल. पण आत हवा आहे आणि तीही भिंतींसोबत फिरते. तिचा मंद वारा तुम्हाला हळूहळू सोबत घेईल, तुम्ही वळायला आणि बाहेर सरकायला लागाल, आणि जसजसे बाहेर याल तसतसा वारा वाढत जाईल. २२४ मीटर त्रिज्येत कड तासाला जवळजवळ १७० किमी वेगाने फिरत असते. केंद्रातून निष्काळजीपणे सुटणं ही तिथली उंच कड्यावरून पडण्याइतकीच गंभीर बाब ठरेल, फक्त तिची सुरुवात फार सावकाश होते.

सतत फिरत ठेवायला किती इंधन लागेल?

फिरतं ठेवायला काहीच नाही. निर्वातात घर्षण नाही, कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, टिकून राहतो. इंधन लागतं ते सुरुवातीला फिरवताना, थांबवताना आणि अक्षाची दिशा बदलताना.

डोकेदुखी वेगळीच आहे, ती म्हणजे तोल. माणसं एका बाजूला जमली, सामान हललं की वस्तुमानकेंद्र सरकतं आणि स्थानक डुगडुगायला लागतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे कडेच्या टाक्यांमधलं पाणी इकडून तिकडे पंपाने फिरवणं. सामान केंद्राकडे उचललं तर स्थानक किंचित वेगाने फिरतं, बाहेर नेलं तर किंचित हळू.

आकार चुकला तर मात्र पाणी फिरवूनही भागत नाही. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ (१९५८) पेन्सिलीसारखा लांबुळका होता आणि त्याला लांबीच्या अक्षाभोवती फिरवून सोडलं होतं. त्याच्या चार लवचीक अँटेना हलत राहिल्या, त्यात ऊर्जा खर्च होत गेली, आणि काही तासांतच तो आडवा होऊन काठी भिरकावल्यासारखा फिरू लागला. फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा आतल्या आत झिजली पण कोनीय संवेग तोच राहिला, की ती शेवटी आपल्या सर्वाधिक जडत्वाच्या अक्षाभोवतीच फिरते, म्हणजे ज्या अक्षापासून तिचं वस्तुमान सर्वात दूर पसरलेलं असतं त्याभोवती. माणसं, पाणी, हवा हे सगळं आत हलणारच. म्हणून स्थानक चाकासारखं चपटं असावं. लांब नळकांड्यासारखा आराखडा कोणी दाखवला, तर पहिला प्रश्न विचारायचा: हे आडवं होऊ नये म्हणून काय केलंय?

जास्तीत जास्त किती मोठं बांधता येईल?

फिरणारं कडं स्वतःच्याच फिरण्याने ताणलं जातं. हा ताण घनता, त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो, कडं कितीही जाड केलं तरी. १ जीला १ किमी त्रिज्येच्या पोलादी कड्यात तो सुमारे ७७ मेगापास्कल भरतो. साधं बांधकामाचं पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं ताणलं जातं, म्हणजे वर एकही माणूस किंवा वीट न ठेवता सव्वातीन किलोमीटरला त्याची मर्यादा येते. हलकी आणि चिवट द्रव्यं वापरली की हा आकडा वाढतो.

पण बहुतेकांच्या लक्षात न येणारं ओझं म्हणजे हवा. समुद्रसपाटीइतका हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन वजनाइतका रेटा बाहेर देतो. घरं, माती, माणसं यांचं वजन बहुतेक ठिकाणी त्यापेक्षा कमीच असतं. म्हणून चाकाच्या आकाराच्या अवकाश वसाहतीच्या, १९७५ च्या स्टॅनफर्ड टोरस आराखड्यात हवेचा एकूण दाब साधारण निम्मा धरला होता. त्याच आराखड्यात किरणोत्सारापासून वाचवणारं चंद्रमातीचं जाड कवच चाकासोबत न फिरवता बाहेर वेगळं, स्थिर ठेवलं होतं. फिरवलं असतं तर त्यालाही वजन आलं असतं आणि ते पेलायला आणखी पोलाद लागलं असतं. जे फिरायची गरज नाही ते फिरवू नका, हा त्या अभियंत्यांचा हिशेब मला फार समंजस वाटतो.

ही कल्पना मुळात कोणाची?

रशियाच्या त्सिओलकोव्स्कींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती मांडली. हर्मन पोटोचनिक यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी चाकाच्या आकाराचं घर तपशीलवार रेखाटलं. १९५२ मध्ये रॉकेट अभियंते फॉन ब्राउन यांनी सुमारे ७६ मीटर व्यासाचं, मिनिटाला ३ फेऱ्यांचं चाक सुचवलं, वजन पृथ्वीच्या साधारण एकतृतीयांश. भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी १९७४ मध्ये माणसांच्या वसाहतीसाठी ३.२ किमी त्रिज्येची, ३२ किमी लांबीची नळकांडी मांडली, उलटसुलट फिरणारी, जोडीने. स्टॅनफर्ड टोरस १० हजार माणसांसाठी होता, व्यास सुमारे १.८ किमी, मिनिटाला १ फेरी. वर सांगितलेलं ८९५ आठवा.

प्रत्यक्षात कोणी करून पाहिलंय का?

माणसांसाठी एकदाच, आणि तेही नाममात्र. सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-११ यानातल्या कॉनराड आणि गॉर्डन या अंतराळवीरांनी आपलं यान सुमारे ३० मीटर पट्ट्याने एका रिकाम्या अजेना यानाला बांधलं आणि दोन्ही एकमेकांभोवती सावकाश फिरवली. मिळालं १ जीच्या दहा हजारांश भागाहून किंचित जास्त. दोघांना काहीच जाणवलं नाही, पण आत सोडलेली वस्तू हळूहळू एका दिशेला सरकली. भौतिकशास्त्र बरोबर निघालं.

प्राण्यांवर काम जास्त झालं. १९७७ साली सोव्हिएत कॉसमॉस-९३६ उपग्रहातले काही उंदीर फिरत्या यंत्रात १ जीवर ठेवले होते. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातल्या जपानच्या किबो प्रयोगशाळेत उंदीर ३५ दिवस दोन गटांत राहिले, एक तरंगता, एक फिरता. १५ सेंटिमीटर त्रिज्या, मिनिटाला ७७ फेऱ्या. तरंगत्या गटाची हाडं आणि स्नायू झिजले, फिरत्या गटाचे टिकले. २०१९ मध्ये जर्मनीतल्या कोलोन इथे, वजनरहित अवस्थेची नक्कल म्हणून, स्वयंसेवकांना डोकं ६ अंश खाली ठेवून ६० दिवस झोपवलं आणि काहींना रोज अर्धा तास लहान यंत्रावर फिरवलं.

इतकं सगळं माहीत असून स्थानक का बांधलं नाही?

आतापर्यंतची स्थानकं बऱ्याच अंशी वजनरहित अवस्थेतल्या प्रयोगांसाठीच बांधली गेली. ती फिरवली तर तो हेतूच संपतो. शिवाय ५६ मीटर त्रिज्येची रचना म्हणजे सौरपंख, यानांची जोडणी, तोल सांभाळणं सगळंच अवघड. आणि रोज सुमारे २ तासांच्या व्यायामाने माणसं सहा महिने निभावून नेतात. रशियाचे अंतराळवीर वालेरी पॉल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये अवकाशात सलग ४३७ दिवस राहून परतले आणि यानातून स्वतःच्या पायांनी चालत गेले.

तरीही व्यायामाशिवाय नितंबाची हाडं महिन्याला १ ते दीड टक्का झिजतात, आणि रक्त-पाणी डोक्याकडे सरकल्याने काहींच्या डोळ्यांत बदल होतात, त्यावर व्यायामाचा इलाज चालत नाही.

मला खरी खंत आहे ती एका आलेखाची. आडव्या अक्षावर गुरुत्व, उभ्या अक्षावर मानवी शरीराचं आरोग्य. त्या आलेखावर माणसाबद्दल आपल्याकडे दोनच भरवशाचे बिंदू आहेत: शून्य आणि एक. चंद्रावरचा सर्वात लांब मुक्काम अपोलो-१७ चा, साधारण ७५ तास, आणि तेवढ्यात हाडांबद्दल काही कळत नाही. मंगळाचं ०.३८ जी पुरेसं आहे की अजिबात पुरेसं नाही, हे पृथ्वीवर कुणालाही ठाऊक नाही. अवकाशस्थानकासाठी जपानने अडीच मीटरच्या फिरत्या यंत्राचं एक दालन बांधायला घेतलं होतं. त्यात प्राण्यांवर मधले बिंदू मिळाले असते. २००५ मध्ये ते रद्द झालं आणि त्याचा सांगाडा आता त्सुकुबा इथे प्रदर्शनात आहे.

फिरवण्याऐवजी यान सतत त्वरणाने सरळ नेलं तर?

वजन अगदी निर्दोष मिळेल, कोरिऑलिस नाही, चक्कर नाही. पण इंजिन बंद झालं की वजन संपलं. सेकंदाला १० किमी इतका वेगबदल हे आजच्या रॉकेटसाठी मोठं काम आहे, आणि १ जीने तो अवघ्या १७ मिनिटांत खर्ची पडतो.

मग पहिलं फिरतं स्थानक कसं असावं?

चाक नको, कवचही नको. दोन सारख्या वजनाची दालनं आणि त्यांना जोडणारा ११२ मीटरचा भक्कम दोर, म्हणजे केंद्रापासून प्रत्येकी ५६ मीटर. दोर जमिनीवरून गुंडाळून नेता येतो आणि ही रचना आपोआपच सर्वाधिक जडत्वाच्या अक्षाभोवती फिरते, एक्सप्लोररसारखी उलटणार नाही. मिनिटाला ४ फेऱ्या केल्या की पृथ्वी, सुमारे अडीच केल्या की मंगळ, १.६ केल्या की चंद्र. त्याच दोराला, त्याच दालनात, तीनही वजनांवर माणसं काही महिने राहतील आणि त्यांची हाडं मोजता येतील.